अकरा जण बसले आहेत

चौथ्या मजल्यावरच्या टेलरबाईंना गुरुवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा असे दोन तास हवे होते. त्यांची मागणी एवढीच होती. पुढे जे झाले ते या मागणीत कोणतीही वाढ न होता झाले, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेले बरे.

परिस्थिती साधी होती. टेलरबाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करत. बावीस वर्षे त्यांनी लोकांना सुखरूप वर नेले आणि सुखरूप खाली आणले. दीड महिन्यापूर्वी एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करून, ती नीट चालते याची दोनदा खात्री करून, ते स्वतः जिन्याने उतरले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले. पगार त्याच दिवसापासून थांबला, कारण कंपनीच्या नियमांत लिफ्टमधून पडण्याची तरतूद होती, जिन्यावरून पडण्याची नव्हती.

हाड हळूहळू जुळत होते. माणूस जुळत नव्हता. लिफ्टवाले बोलायचे थांबले होते. छताकडे डोळे लावून पडून राहायचे आणि बायकोचा डोळा चुकला की एकटेच उठायला जायचे. दोनदा गेले, दोन्ही वेळा फरशीवर सापडले. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, "यांना एकटं सोडायचं नाही."

टेलरबाई घरी पँटी आखूड करून द्यायच्या, चेनी बदलायच्या. त्यावर दोन माणसांचे घर चालत नव्हते. अशात एका कपड्यांच्या कारखान्याला कटिंगसाठी माणूस हवा असल्याचे कळले. गुरुवारी सकाळी दहाला चाचणी. कापड समोर टाकणार, कापून दाखवायचे. टेलरबाईंना कापडाची भीती नव्हती. प्रश्न फक्त दोन तासांचा होता, आणि त्यासाठी शनिवारी संध्याकाळी त्या पहिल्या मजल्यावरच्या सचिवांकडे गेल्या.

सचिव नियोजन खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी इमारत त्यांना मुद्देसूद काका म्हणे.

"या, या टेलरबाई. पहिला मुद्दा, बसा. दुसरा मुद्दा, काम काय काढलंत?"

"काका, गुरुवारी दोन तास कुणी आमच्याकडे बसेल का? यांना एकटं ठेवता येत नाही, आणि मला कामाच्या चाचणीला जायचंय."

"असं किती दिवस चाललंय?"

"दीड महिना झाला."

"दीड महिना!" काका खुर्चीत पुढे सरकले. "आणि आर्थिक बाजू?"

"पगार थांबलाय."

"मानसिक?"

"बोलत नाहीत."

"म्हणजे दोन्ही!" काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्यांनी ताबडतोब आवरला, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

त्या आनंदाला कारण होते. इमारतीत तीन वर्षांपूर्वी 'संकटग्रस्त कुटुंब स्नेहाधार समिती' स्थापन झाली होती. समितीकडे शिक्का होता, लेटरहेड होते, दोन वार्षिक अहवाल होते. संकटग्रस्त कुटुंब तेवढे नव्हते. पहिल्या वर्षी तळमजल्यावर एक जण आजारी पडल्याची खबर आली होती, पण बैठकीची नोटीस निघेपर्यंत तो बरा झाला. समितीने त्याबद्दल नाराजी नोंदवली होती.

"काका, तुम्ही स्वतःच आलात दोन तास तरी चालेल," टेलरबाई म्हणाल्या. "पेपर वाचत बसा हवं तर."

"मी?" काका दचकले. "अहो, मी सचिव आहे."

त्यांनी कपाटातून चार पानी अर्ज काढला. त्यात मदतीचे चार प्रकार दिले होते : अन्न, औषध, शिक्षण आणि धीर. धीराचे पुन्हा तीन पोटप्रकार होते, तोंडी, लेखी आणि सामूहिक. बसणे कुठेच नव्हते. शेवटी टेलरबाईंनी 'इतर'च्या रकान्यात लिहिले, 'गुरुवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा कुणीतरी घरी येऊन बसावे.' काकांनी ते वाचले, शिक्का मारला आणि म्हणाले, "निर्धास्त राहा. आता ही तुमची एकटीची अडचण राहिलेली नाही."

हे शब्दशः खरे ठरले.

रविवारी सकाळी पाहणी पथक आले. पथकात मुद्देसूद काका, समितीच्या अध्यक्ष असलेल्या दंतवैद्य बाई आणि सल्लागार म्हणून तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद होती. ती नेहमी लिफ्टवालेच बघत, आणि ते पडल्यापासून दुसऱ्या कुणाला बोलवायचे याचा ठराव प्रलंबित होता. त्यामुळे पथक चौथ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा कुणालाच बोलता येत नव्हते. टेलरबाईंनी तिघांना पाणी दिले, पंख्याखाली बसवले, मुख्याध्यापकांच्या छातीवर हात फिरवला.

"फार वाईट वाटलं हो," श्वास परत आल्यावर दंतवैद्य बाई म्हणाल्या, आणि लिफ्टवाल्यांकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. "माझे वडीलही असेच पडून होते."

मग त्या खरोखरच रडू लागल्या. टेलरबाईंनी त्यांना जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला, वडिलांची सगळी हकिगत ऐकली. त्यात पाऊण तास गेला. तोपर्यंत दोन पँटी आणि एक कोट मशीनवर वाट बघत होते. जाताना पथकाने केळी दिली. दुपारी वरच्या मजल्यावरून केळी आली. संध्याकाळी आणखी दोन घरांतून केळी आली, कारण समितीच्या सूचनापत्रात 'रुग्णास चालेल असे फळ' एवढेच लिहिले होते आणि सगळ्यांनी आपापल्या परीने विचार केला होता.

लिफ्टवाल्यांनी एक केळे खाल्ले आणि पुन्हा छताकडे बघू लागले.

सोमवारी समितीची तातडीची बैठक झाली. इतिवृत्तानुसार पहिला आक्षेप मुख्याध्यापकांचा होता. एवढ्या मोठ्या संकटाला अवघे दोन तास देणे समितीला शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावर सर्वानुमते दोन तासांऐवजी एक संपूर्ण 'स्नेहाधार सप्ताह' मंजूर करण्यात आला. सप्ताहाची सुरुवात पुढच्या महिन्यात होणार होती.

"अहो, पण बाईंना गुरुवार हवाय," तळमजल्यावरचे झेरॉक्सवाले म्हणाले. त्यांचे दुकान इमारतीतच असल्याने त्यांना बैठकीच्या प्रती काढून आणायला बोलवत, आणि आलेच आहेत म्हणून बसू देत. "कुणीतरी एकानं जाऊन बसायचं. विषय संपला."

"विषय इथे सुरू होतो," मुद्देसूद काका म्हणाले. "पहिला मुद्दा, बसणं म्हणजे नेमकं काय? दुसरा मुद्दा, कुठे बसायचं? पायाशी बसलं तर परकेपणा वाटतो, उशाशी बसलं तर माणूस घाबरतो. तिसरा मुद्दा, बसणाऱ्याला ज्ञान नसेल आणि काही झालं, तर जबाबदार कोण?"

सभेतला प्रत्येक जण आयुष्यभर बसत आला होता, पण जबाबदारीने बसायची वेळ कुणावर आली नव्हती.

"म्हणजे आधी शिकायला हवं," दंतवैद्य बाई म्हणाल्या.

असा प्रशिक्षणाचा ठराव झाला. प्रशिक्षिकाही सापडल्या. मुख्याध्यापकांच्या सूनबाईंनी दुःखी माणसांशी कसे वागावे याचा तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि तेव्हापासून त्यांना माणूस मिळाला नव्हता. त्यांनी अट घातली की नुसत्या व्याख्यानाने काही साधत नाही, प्रात्यक्षिक हवे, आणि प्रात्यक्षिकाला खराखुरा रुग्ण हवा. रुग्ण एकच होता. आता दिवस आणि वेळ ठरवायची राहिली. काकांनी टेलरबाईंचा अर्ज उघडला. या घरात बसण्यासाठी सोयीची वेळ कोणती, हे त्यात लाभार्थीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिले होते.

बुधवारी दुपारी टेलरबाईंच्या दाराखालून कागद आला. 'बसण्याचे प्रशिक्षण. गुरुवार, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. स्थळ : आपले निवासस्थान. प्रशिक्षणार्थी : अकरा. लाभार्थीची उपस्थिती अनिवार्य.'

टेलरबाई तशाच, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या अंगुस्तानासकट, तीन मजले उतरल्या.

"काका, हे काय?"

"मंजूर झालं!"

"पण मला त्याच वेळी बाहेर जायचंय. म्हणून तर कुणीतरी बसायला हवं होतं."

"बसणारच आहेत की! तुम्ही एक मागितला, आम्ही अकरा दिले."

"मग मी जाऊ?"

"तुम्ही कशा जाणार?" काकांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. "लाभार्थीच हजर नसेल तर मदत झाली कुणाला? दप्तरी काय दाखवायचं? तुम्ही हे प्रशिक्षण तेवढं होऊ द्या. मग तुम्हाला कधीही, कुठल्याही दिवशी, प्रशिक्षित माणूस मिळेल."

"चाचणी उद्याच आहे हो, काका."

"त्यांना पुढे ढकलायला सांगा," काका म्हणाले. "आम्ही तसं पत्र देऊ. लेटरहेडवर."

वर येऊन टेलरबाईंनी नवऱ्याला सगळे सांगितले. दीड महिन्यात त्यांना भिंतीशी बोलायची सवय झाली होती. "अकरा जण येणार आहेत म्हणे तुमच्याजवळ बसायला," त्या म्हणाल्या. "मी एक मागितला होता. तोच जास्त झाला बहुतेक." लिफ्टवाल्यांची नजर छतावरून ढळली आणि बायकोच्या हातातल्या कागदावर क्षणभर टेकली.

गुरुवारी सव्वानऊपासून जिना दणाणू लागला. प्रशिक्षणार्थींना खुर्च्या आपापल्या आणायच्या होत्या. चार मजले खुर्च्या वाहून अकरा माणसे धापा टाकत आत आली, आणि घरातला पाण्याचा माठ साडेनऊला रिकामा झाला. पलंगाच्या तिन्ही बाजूंना खुर्च्या लागल्या. चौथ्या बाजूला भिंत होती. तिच्याबद्दल प्रशिक्षिकेने नापसंती व्यक्त केली.

टेलरबाई दाराशी उभ्या होत्या. खांद्याला पिशवी होती, पिशवीत स्वतःची कात्री, टेप आणि खडू. कारखाना बसने वीस मिनिटांवर होता. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"पहिली पायरी," सूनबाई म्हणाल्या. "बसण्यापूर्वीचं बसणं. म्हणजे मनातून बसणं. डोळे मिटा."

अकरा जणांनी डोळे मिटले. मुख्याध्यापकांना त्याच पायरीवर झोप लागली. त्यांची प्रगती सगळ्यांत उत्तम मानण्यात आली.

"दुसरी पायरी, शांत सोबत. वीस मिनिटं रुग्णाशी एक शब्दही बोलायचा नाही. आपलं असणं त्यांच्यापर्यंत पोहोचू द्या."

अकरा माणसांचे असणे एका माणसाकडे टक लावून बघू लागले. लिफ्टवाल्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. घड्याळात नऊ चाळीस झाले. नऊ चव्वेचाळीस. टेलरबाईंनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

झेरॉक्सवाल्यांना गप्प बसायची सवय नव्हती. दुकानात ते मशीनच्या आवाजावर बोलत. पाच मिनिटे त्यांनी कशीबशी काढली. मग ते पलंगाकडे वाकले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "लिफ्टवाले, एक विचारू? आपल्या लिफ्टला नेमकं झालंय तरी काय? बटण दाबलं की नुसती खर्र करते आणि गप्प."

"बोलायचं नाही!" सूनबाई कुजबुजल्या. "प्रात्यक्षिक चालू आहे."

पण लिफ्टवाल्यांनी मान वळवली होती. ओठ हलले. घसा कोरडा पडला होता म्हणून आवाज आधी फुटला नाही. मग फुटला.

"कितव्या मजल्यावर खर्र करते?"

टेलरबाईंची नजर घड्याळावरून पलंगाकडे वळली.

"दुसऱ्या," झेरॉक्सवाले म्हणाले.

"दुसऱ्या मजल्याचं दार आपटतात सगळे. कुलपाच्या पट्टीवर घाण बसली असेल. दार लागलेलं असतं, पण लिफ्टला वाटतं उघडंच आहे. ती बिचारी वाट बघत बसते." दीड महिन्याची वाक्ये एकदम बाहेर पडत होती. "आधी मेन स्विच बंद करायचा. मग पट्टी नुसती पुसायची. चालू असताना हात घालाल तर मराल, सांगून ठेवतो."

"पुसायची? म्हणजे महिनाभर आम्ही पुसायच्या ठरावासाठी जिने चढतोय?"

"मला विचारलं कुणी?"

"तुम्ही बोलत नव्हता ना!"

"अहो, पण विचारलं कुणी?"

"अत्यंत चुकीचं चाललंय," सूनबाई मुद्देसूद काकांना म्हणाल्या. "पेशंट उत्तेजित झालाय."

टेलरबाई पलंगाजवळ आल्या. लिफ्टवाल्यांनी बायकोकडे बघितले, तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितले, मग खोलीतल्या गर्दीकडे.

"तू अजून इथे काय करतेस?" ते म्हणाले. "अकरा माणसं बसलीत घरात. जा."

"लाभार्थीला जाता येणार नाही," काका दाराशी उभे राहिले. "पहिला मुद्दा, हजेरीपत्रकावर शेवटची सही साडेअकराला आहे. दुसरा मुद्दा..."

"शेऱ्याचा रकाना आहे?" टेलरबाईंनी विचारले.

"आहे."

त्यांनी काकांच्या खिशातले पेन काढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'अकरा जण बसले आहेत. मी जाते.' खाली सही केली, आणि काका ते नियमात बसते की नाही हे तपासत असताना बाजूने निघून गेल्या.

त्या दहा वाजून वीस मिनिटांनी कारखान्यात पोहोचल्या. मुकादम बाईंनी घड्याळ दाखवले.

"उशीर का?"

"घरी मदत आली होती," टेलरबाई म्हणाल्या.

मुकादम बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितले. "माझ्याकडेही येऊन गेली होती, गेल्या वर्षी," त्या म्हणाल्या आणि कापड पुढे सरकवले. टेलरबाईंनी बारा कॉलर कापल्या. एकीवर दुसरी ठेवली तर एकाच कॉलरसारख्या दिसत होत्या. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून यायला सांगितले.

घरी परतल्या तेव्हा प्रशिक्षण संपले होते. अकरापैकी दहा जण उत्तीर्ण झाले, त्यांत मुख्याध्यापक पहिले. झेरॉक्सवाले रुग्णाशी बोलल्यामुळे नापास झाले आणि नापास झाल्यावर घरी न जाता तिथेच बसून राहिले. त्यांची आणि लिफ्टवाल्यांची बाचाबाची खाली ऐकू जात होती. दुपारी मेन स्विच बंद करून झेरॉक्सवाले दुसऱ्या मजल्यावर फडके घेऊन उभे राहिले आणि लिफ्टवाले फोनवरून त्यांना शिव्या देत राहिले. चार वाजता लिफ्ट सुरू झाली. पाच वाजता तिच्यावर 'ठरावाविना सुरू, स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी' अशी पाटी लागली. ती पाटी वाचायला काका लिफ्टनेच खाली आले.

महिनाअखेर लिफ्टवाले कुबड्यांवर उभे राहिले. टेलरबाई कामाला गेल्या की ते लिफ्टने खाली उतरत आणि दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात बसून मालकाला मशीन कसे वापरायचे ते शिकवत. 'स्नेहाधार सप्ताह' लाभार्थी घरी सापडत नसल्याने स्थगित झाला. समितीच्या तिसऱ्या वार्षिक अहवालात मात्र या कुटुंबाचे पूर्ण पान आहे. फोटोत अकरा खुर्च्या आहेत. खाली ओळ आहे, 'समितीच्या प्रशिक्षणामुळे एक कुटुंब अवघ्या दोन तासांत स्वावलंबी झाले.'

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंची बहीण वारली. एकट्याच राहतात त्या. शिकवण्या बंद पडल्या, दिवसा पडदे ओढलेले असत. समितीकडे आता दहा प्रमाणपत्रधारक होते. पण आधी कुणाला पाठवायचे यावर ज्येष्ठतेचा वाद निघाला आणि यादी अजून मंजूर झालेली नाही. रविवारी टेलरबाई शिवायचे कपडे घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. विचारले काही नाही. खुर्ची ओढली, सुई ओवली आणि बसल्या. तासाभराने शिकवणीवाल्या बाईंनी पडदा थोडा सरकवला, म्हणाल्या, "अंधारात डोळे फोडाल."

सोमवारी टेलरबाईंच्या दाराखालून कागद आला. 'आपण प्रशिक्षण अर्धवट सोडले असून आपणाकडे प्रमाणपत्र नाही. तरी विनापरवाना बसल्याबद्दल खुलासा करावा.' टेलरबाईंनी त्या कागदाच्या मागे एका बाहीचे माप लिहून ठेवले. दर रविवारी त्या अजून तिथे जातात.

बसायला काय लागते, यावर समितीचा अभ्यास चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत सर्वसामान्य नागरिकांनी घाई करू नये, असे तिचे आवाहन आहे. तुमच्यापुरते सांगायचे तर तुम्ही गेली दहा मिनिटे, कुणी शिकवले नसताना, दुसऱ्याच्या अडचणीपाशी गप्प बसून होतात. म्हणजे तुम्हाला बसता येते. ती सबब आता राहिलेली नाही. तुमच्या जिन्यावरचे ते एक दार, ज्याच्यासमोरून जाताना तुम्ही हल्ली पावले जरा भरभर उचलता, ते कोणते आहे हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही.